एका रात्रीच्या पाहुण्या

"लेक पुढच्या महिन्यात दहा वर्षांची होतेय. वाढदिवसाला आठ मैत्रिणींना रात्री राहायला बोलवायचं म्हणतेय. मंगळवार पेठेत आमचं तीन खोल्यांचं घर, सासूबाई आणि धाकटे दीर आमच्यातच. सासूबाई म्हणतात, 'लोकांच्या पोरी रात्रीच्या ठेवून घ्यायच्या नाहीत.' त्यात लेकीच्या जिवलग मैत्रिणीच्या आईनं मला एकटीला सांगितलं, पोरीला अजून झोपेत लघवी होते, म्हणून पाठवणार नाही. लेक रोज विचारते, ती का येत नाही? काय सांगू?"
– एक आई, कोल्हापूर

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, बाकीचं जमण्यासारखं आहे. लेकीला खरं कारण सांगू नका. सासूबाईंनाही नको. त्या आईनं फार धीर करून हे तुमच्या कानावर घातलंय. दहा वर्षांची पोर रागाच्या भरात शाळेत एक वाक्य बोलून गेली, तर त्या मुलीला वर्गात बसणं नकोसं होईल. "तिच्या घरचं ठरेल तसं ती येईल" एवढंच सांगा, आणि कितीदाही विचारलं तरी तेच सांगा.

पण ती यावी असं मला मनापासून वाटतं. झोपेत लघवी होणं हा आळस नव्हे. मूत्राशय भरलं तरी काही मुलांना गाढ झोपेतून जागच येत नाही. पुष्कळदा आईला किंवा वडिलांनाही लहानपणी हेच झालेलं असतं. रागावून ते थांबत नाही. डॉक्टरांकडे त्यावर उपाय आहेत.

तुम्ही असं करा. नियम सगळ्यांना सारखे ठेवा. जेवण लवकर उरका, रात्री आठनंतर सरबत, दूध बंद. कोला तर आणूच नका. झोपताना सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यायचं. अकरा-साडेअकराला तुम्ही स्वतः एकेकीला उठवून पुन्हा नेऊन आणा. सगळ्याच गाद्यांवर चादरीखाली मेणकापड घाला, म्हणजे एकीचीच गादी वेगळी दिसणार नाही. तिच्या पिशवीत कपड्यांचा जादा जोड असू दे आणि काही झालंच तर तुम्हाला हळूच उठवायचं, हे तिच्या आईनं तिला आधी सांगून ठेवावं. तरीही तिला नको वाटलं, तर केक, जेवण, गाणी झाली की दहाला घरी. का चाललीस, असं कुणी विचारायचं नाही.

आता आठ मुलींचं. तीन खोल्यांत आठ जणी नको, चार पुरे. चौघींवर लक्ष राहतं, आणि बाहेर राहिलेल्यांसाठी नंतर शाळेत चॉकलेटं द्या.

सासूबाईंची काळजी खोटी नाही. रात्रभर दुसऱ्याचं लेकरू सांभाळायचं म्हणजे जोखीमच. म्हणून प्रत्येक आईला आधीच फोन करून सांगा, घरात कोण कोण असणार, कोण कुठे झोपणार. दिरांना त्या रात्री मित्राकडे जायला सांगा. त्यात संशय कसलाच नाही, मुली मोकळेपणानं वावरतील इतकंच. तुम्ही मुलींजवळच झोपा. कुणाला दमा आहे का, कशाची अॅलर्जी आहे का, औषध कुठलं, हे लिहून घ्या. आणि मुलींना संध्याकाळीच सांगा, घरी जावंसं वाटलं तर रात्री दोनलाही आईला फोन लावून देईन. नव्या घरात पहिल्या रात्री रडू येणारी एखादी असतेच. झोपलेल्या मुलींचे फोटो मात्र स्टेटसला टाकू नका.

जेवणाचं एकच सांगते. वाढदिवस म्हटलं की आपल्याकडे तांबडा-पांढरा आलाच, पण तो दुसऱ्या दिवशी घरच्यांसाठी करा. मैत्रिणींमध्ये कुणी जैन असेल तर सूर्यास्ताआधी जेवते का, कांदा-बटाटा चालतो का, तिच्या आईला विचारा. नाहीतर पोर सगळ्यांच्या ताटाकडे बघत बसायची.

शनिवारची रात्र धरा. या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते आणि त्या रात्री ती होणार नाही, रविवारी भरून काढता येईल. सासूबाईंना दिवे मालवल्यावर गोष्ट सांगायला बसवा. एका ओळीत गोधड्या टाकून झोपलेली भावंडं त्यांनीच जास्त पाहिली असतील.

त्या मैत्रिणीच्या आईला फोन उद्याच करा. दुपारी, पोरी शाळेत असताना.