फ्रीलान्सरने स्वतःचा ऑनलाइन ब्रँड उभा केला तर खरंच फायदा होतो का?

होतो. मी नाशिकमध्ये पॅकेजिंग डिझाइन करते, त्या अनुभवावरून सांगते. ब्रँड म्हणजे लोगो आणि फॉलोअर नव्हेत. ‘अमुक काम असेल तर हिला विचारा’ एवढं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे.

सुरुवातीला मी ‘सर्व प्रकारचं डिझाइन’ असं लिहायचे. कोणी विचारायचं नाही. मग द्राक्षनिर्यातीच्या खोक्यावर एक पोस्ट लिहिली. ५ किलोचा खोका, आत ५०० ग्रॅमचे १० पनेट, म्हणजे द्राक्षांचे छोटे डबे. बाजूची हवेची भोकं कुठे येतात ते न बघता छपाई बेतली, तर शेतकऱ्याचं नाव नेमकं भोकात जातं. कच्चं रेखाटन आणि तयार खोका, दोन्हींचे फोटो टाकले. लाइक जेमतेम वीसेक. पण पिंपळगाव बसवंतहून एका पॅकहाउसवाल्यांचा फोन आला आणि दराआधी त्यांनी विचारलं, “आमची भोकं अशी आहेत, काय करता येईल ताई?” घासाघीस झालीच नाही. खरा फायदा तो.

शिवाय फायव्हरवर, म्हणजे फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या साइटवर, कमाईतले २० टक्के साइट कापून घेते. थेट आलेल्या गिऱ्हाइकाचे पूर्ण पैसे हातात पडतात.

मात्र पहिले सहा-आठ महिने यातून उत्पन्न धरू नका, ओळखीतली कामं चालू ठेवा. आणि काम पोहोचवलं की त्याच दिवशी गूगलवर रिव्ह्यू मागा. आठवडा गेला की लोक विसरतात.