फोटो एडिटिंगसाठी १६ जीबी रॅम पुरेल, की थेट ३२ घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फोटो रॉमध्ये (सेन्सरची कच्ची नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाईलमध्ये) काढता. लाइटरूम क्लासिकमध्ये काम बरं चालतं, पण तिथून दोन-तीन फोटो फोटोशॉपमध्ये नेले की सगळं अडकतं. मग रॅम १६ करावी, ३२ करावी की लॅपटॉपच बदलावा?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. तुमच्या कामाला १६ जीबी तरी हवीच. लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) लावून रिटचिंग करत असाल, पॅनोरमा जोडत असाल, तर ३२ घ्या. ६४ ची तुम्हाला गरज नाही. लॅपटॉप बदलायचा की नाही हे त्यात रॅम वाढवता येते का यावर ठरेल. पण काहीही विकत घेण्याआधी पुढे सांगितलेली तपासणी नक्की करा, कारण मशीन अडकतं ते दर वेळी रॅममुळेच असं नाही.

अॅडोबी लाइटरूम क्लासिक आणि फोटोशॉप या दोन्ही प्रोग्रामसाठी किमान ८ जीबी सांगते आणि १६ ची शिफारस करते. किमान म्हणजे प्रोग्राम उघडेल आणि साधं काम होईल, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा. तुमची फाईल केवढी, तिच्यात लेयर किती, सोबत आणखी काय उघडं असतं, हे त्या आकड्यात धरलेलं नसतं. तो हिशेब आपला आपणच करायचा असतो, आणि तो सोपा आहे.

डिस्कवर दिसणारा फाईलचा आकार इथे उपयोगाचा नाही. जेपीईजी ८ एमबीची असो की १२ एमबीची, उघडली की तिचं कॉम्प्रेशन सुटतं आणि प्रत्येक पिक्सेल मेमरीत जागा घेतो. तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ६००० गुणिले ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. ८ बिटमध्ये प्रत्येक आकड्याला एक बाइट, म्हणजे एकूण ७२ एमबी. १६ बिटमध्ये दोन बाइट, म्हणजे १४४ एमबी. रॉ फाईलमध्ये प्रत्येक पिक्सेलपाशी एकाच रंगाची नोंद असते, म्हणून ती डिस्कवर लहान दिसते. उघडताना उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून काढले जातात आणि ती तिप्पट होते.

हे झालं एका लेयरचं. त्वचेच्या रिटचिंगसाठी फ्रीक्वेन्सी सेपरेशन (पोत आणि रंग वेगवेगळ्या लेयरवर नेणं) करता तेव्हा मूळ लेयरच्या पूर्ण आकाराच्या आणखी दोन प्रती तयार होतात: १४४ गुणिले ३, म्हणजे ४३२ एमबी. स्क्रीनवर झूम कमी-जास्त करताना चित्र पटकन दिसावं म्हणून फोटोशॉप त्याच्या लहान-लहान आवृत्त्या करून ठेवतं. त्यांना साधारण एक तृतीयांश जागा वेगळी लागते. आणि मग येते हिस्टरी. बहुतेकांचं तिच्याकडे लक्षच जात नाही, खरा खड्डा तिथेच असतो. फोटोशॉप मूळ सेटिंगमध्ये ५० पायऱ्या लक्षात ठेवतं. ब्रशचा छोटा फटकारा मारला तर तेवढाच बदललेला तुकडा साठवला जातो, त्याचं ओझं नसतं. पण संपूर्ण चित्रावर ब्लर, शार्पन किंवा नॉइज कमी करणारा फिल्टर चालवला की सगळेच पिक्सेल बदलतात, आणि अख्खा जुना लेयर हिस्टरीत जाऊन बसतो. असे दहा फिल्टर म्हणजे जवळजवळ दीड जीबी, आणि लेयर पॅलेटमध्ये त्याचा मागमूसही नाही.

अॅडजस्टमेंट लेयर मात्र हलके असतात. कर्व्ह्ज, ह्यू-सॅच्युरेशन यांचा भार जवळपास फक्त मास्कचा (बदल चित्रात कुठे लागावा हे ठरवणाऱ्या पडद्याचा) असतो. म्हणून ‘माझ्या फाईलमध्ये वीस लेयर आहेत’ एवढ्यावरून काही कळत नाही. त्यातले पिक्सेल असलेले किती, हे मोजा. स्मार्ट ऑब्जेक्ट याच्या अगदी उलट: दिसायला एकच लेयर, पण पोटात मूळ फाईल पूर्ण, आणि वर तिचं तयार झालेलं चित्र वेगळं. तुम्ही लाइटरूममधून फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून पाठवत असाल, तर त्या सोयीची किंमत मेमरीत मोजावी लागते. ती सोय मला स्वतःला मोलाची वाटते, पण ८ जीबीच्या मशीनवर ती सोडा असंच सांगेन.

आता तुमचे ८ जीबी कुठे जातात ते पाहा. ऑपरेटिंग सिस्टिम, अँटीव्हायरस, ब्राउझरचे काही टॅब यांत तीन-चार जीबी सहज जातात. लाइटरूम उघडं असतं, ते आपला वाटा घेतं. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यासाठी लागणारी मेमरीही याच रॅममधून जाते. जे उरतं त्यात तुम्ही १६ बिटचे तीन फोटो लेयरसकट उघडता. जागा संपली की फोटोशॉप उरलेलं काम स्क्रॅच डिस्कवर (तात्पुरत्या कामासाठी वापरलेल्या डिस्कवरच्या जागेत) नेतं, आणि ऑपरेटिंग सिस्टिमही आपल्या परीने डिस्कवर लिहायला लागते. दोन वाहिन्यांवर (ड्युअल चॅनल) चालणारी डीडीआर४-३२०० रॅम सेकंदाला ५१ जीबीच्या आसपास डेटा देऊ शकते. चांगली एनव्हीएमई एसएसडी तीन-साडेतीन जीबी, साटा एसएसडी अर्धा जीबी, आणि फिरती हार्ड डिस्क त्याच्याही कितीतरी खाली. अडकणं म्हणजे हा उतार. म्हणूनच स्क्रॅच डिस्क फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवली असेल तर ती आजच एसएसडीवर हलवा, आणि त्या एसएसडीवर भरपूर जागा मोकळी ठेवा.

आता तपासणी. फोटोशॉपच्या खिडकीत खाली डावीकडे फाईलचा आकार दिसतो, त्याच्या बाजूच्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडा. मग रोजचं सगळ्यात जड काम करा, नेहमीच्याच सवयीने, ब्राउझर उघडा असतो तर उघडाच ठेवून. आकडा सतत १०० राहिला तर फोटोशॉपला रॅम कमी पडत नाही, अडचण दुसरीकडे आहे. वारंवार ९०-९५ च्या खाली जात असेल तर काम डिस्कवर जातंय. सोबत विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा ठेवा. मेमरी काठोकाठ भरलेली आणि त्याच वेळी डिस्क शंभर टक्क्यांवर, असं दिसलं तर रॅमच हवी. मेमरी निवांत आणि प्रोसेसर शंभरावर असेल, तर नवी रॅम घालून काही फरक पडणार नाही. एक्स्पोर्टच्या वेळी असंच दिसतं. मॅक असेल तर अॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख पाहा. हिरवा असेपर्यंत काळजी नाही, पिवळा-लाल होत असेल तर मेमरी कमी पडते आहे.

हे पाहताना एका गोष्टीने घाबरू नका. फोटोशॉपमधल्या सगळ्या फाईल बंद केल्या तरी टास्क मॅनेजरमध्ये त्याची मेमरी खाली येत नाही. एकदा घेतलेली मेमरी ते पुढच्या फाईलसाठी स्वतःकडे राखून ठेवतं. तो बिघाड नव्हे. लाइटरूमला जागा हवी असेल तर फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा.

लाइटरूमचं गणित वेगळं आहे. ‘कॅटलॉगमध्ये (लाइटरूमच्या फोटोंच्या नोंदवहीत) लाखभर फोटो झाले, आता रॅम वाढवू का?’ असं नेहमी विचारलं जातं. त्या संख्येचा रॅमशी फारसा संबंध नाही. कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू डिस्कवर असतात, म्हणून ते एसएसडीवर असणं महत्त्वाचं. लाइटरूममध्ये रॅम खरी लागते ती पॅनोरमा आणि एचडीआर (कमी-जास्त उजेडात काढलेले फोटो एकत्र करणं) जोडताना, आणि एकाच फोटोवर पुष्कळ मास्क लावल्यावर. २०२३ मध्ये आलेलं, फोटोतला दाणेदारपणा काढणारं एआय डीनॉइज तर प्रामुख्याने ग्राफिक्स कार्डावर चालतं. त्यासाठी रॅम वाढवून निराश झालेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

नवी रॅम येईपर्यंत काय करता येईल? फोटोशॉपच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये हिस्टरीच्या पायऱ्या ५० वरून २० वर आणा. एका वेळी एकच फोटो उघडा. ज्या कामाला गरज नाही तिथे १६ बिटचा हट्ट नको. मात्र आकाशाचे किंवा सावलीचे सूक्ष्म उतार ओढायचे असतील तर १६ बिट सोडू नका, त्यात फोटोचं नुकसान आहे. एडिट मेनूतलं ‘पर्ज’ मेमरी मोकळी करतं, पण मागे जाण्याची वाटही पुसतं, तेव्हा आधी सेव्ह करा. लाइटरूममध्ये स्मार्ट प्रीव्ह्यू (मूळ फाईलची लहान प्रत) तयार करून ‘मूळ फाईलऐवजी स्मार्ट प्रीव्ह्यूवर एडिट करा’ हा पर्याय चालू केला की डेव्हलपमध्ये लगेच फरक जाणवतो. फोटोशॉपला द्यायचा मेमरीचा वाटा मूळ सेटिंगमध्ये ७० टक्के असतो. तो ९० वर नेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ८ जीबीच्या मशीनवर तो घातक आहे. ऑपरेटिंग सिस्टिमला श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि मशीन आणखी मंदावतं.

जुन्या चर्चांमध्ये ‘फोटोशॉपला ४ जीबीच्या वर रॅम देऊन उपयोग नाही’ असंही वाचायला मिळेल. ते ३२ बिट प्रोग्रामच्या काळात खरं होतं. विंडोजवर २००८ च्या सीएस४ पासून आणि मॅकवर २०१० च्या सीएस५ पासून फोटोशॉप ६४ बिट झालं, तेव्हापासून ती मर्यादा राहिलेली नाही.

डार्कटेबल हा रॉ एडिटिंगचा मोफत प्रोग्राम वापरणाऱ्यांनी हिशेब वेगळा धरावा. ते आत प्रत्येक पिक्सेलला १६ बाइट देतं, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा फोटो एका टप्प्यावर ३८४ एमबी. मेमरी कमी असेल तर ते चित्राचे तुकडे करून काम उरकतं, पण वेळ जास्त लागतो.

मग १६ की ३२? १४४ एमबीचे आठ-दहा पिक्सेल लेयर, हिस्टरी, लाइटरूम आणि ब्राउझर हे सगळं १६ मध्ये बसतं, थोडी शिस्त पाळली तर. सहा-आठ फोटो जोडून ८० मेगापिक्सेलचा पॅनोरमा केला की एकेक लेयर ४८० एमबीचा होतो. फोकस स्टॅकिंगमध्ये (वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेले फोटो एकत्र करताना) वीस-तीस फोटो एकाच फाईलमध्ये लेयर होऊन येतात. तिथे ३२ लागतेच. ६४ कुणाला हवी? १०० मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट कॅमेरा वापरणाऱ्याला, जिथे एक लेयरच ६०० एमबीचा, किंवा मोठ्या जाहिरातींसाठी पन्नास-साठ पिक्सेल लेयरचं कंपोझिट (अनेक फोटो मिळून एक चित्र) करणाऱ्याला.

घेताना टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते पाहा, आणि लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती काढून रॅम बदलता येते का आणि जास्तीत जास्त किती चालते याची खात्री करा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डवर पक्की जोडलेली असते. अॅपलच्या एम मालिकेत तर ती नंतर वाढवताच येत नाही आणि ग्राफिक्सही तीच वापरतं. अशा मशीनमध्ये घेतानाच ३२ घ्या, नंतर पश्चात्तापाला उपाय नाही. स्लॉट दोन असतील तर एकसारख्या दोन पट्ट्या घ्या, म्हणजे दोन्ही वाहिन्या चालतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला याचा विशेष फायदा होतो. डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही. वेगाच्या आकड्यांमागे फार धावू नका, या कामात क्षमता आधी.

आणि पट्टी बसवल्यावर लगेच एडिटिंगला बसू नका. मेमटेस्ट८६ किंवा विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक रात्रभर चालू द्या. सदोष रॅममुळे मशीन बंद पडलं तर निदान कळतं तरी. पण कधी कधी ती कॅमेऱ्याच्या कार्डवरून कॉपी होणाऱ्या फाईलमध्ये गुपचूप चुका घालते, आणि ते महिन्यांनी फोटो उघडल्यावर दिसतं. चाचणी विनाचूक पार पडेपर्यंत एकही कार्ड फॉरमॅट करू नका.