पोर्टेबल ईव्ही चार्जर कन्व्हर्टर लावून ६ ॲम्पिअरच्या सॉकेटवर चालेल का?

नको. १५ ॲम्पिअरचा चार्जर २३० व्होल्टला सुमारे ३.४ किलोवॅट ओढतो, तोही तासन्‌तास. कन्व्हर्टरने पिन बदलते, भिंतीतली वायर नाही. आधी सैल पिन तापते, मग सॉकेट वितळतो. इस्त्री चालते म्हणून फसू नका, ती मध्ये मध्ये बंद होत असते.

वेगळी लाइन ओढा: ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० ॲम्पिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच), ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), चांगल्या प्रतीचा १६ ॲम्पिअरचा सॉकेट.

चार्जरने अर्थिंगचा दोष दाखवला, तर तो घालवायला सॉकेटात न्यूट्रल आणि अर्थ कधीही एकमेकांना जोडू नका. न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो.

प्रवासात १६ ॲम्पिअरचा सॉकेट जुना वाटला आणि चार्जरमध्ये सोय असेल, तर करंट ८ ॲम्पिअरवर आणा. अर्ध्या तासाने प्लग हात लावून पाहा.