आई दिवसभर पाणी का पीत नव्हती

"ताई, प्लीज लगेच उत्तर द्या. मी ३१ वर्षांचा, गाव औसा तालुक्यात, घणसोलीला वन आरकेमध्ये राहतो, जॉब ऐरोलीला. आई (वय ५८) आयुष्यात पहिल्यांदा मुंबईला आलीये, शनिवारी सकाळी ठाण्याला लातूर एक्सप्रेसमधून उतरवून घेतलं, गुरुवारी रात्री सीएसएमटीवरून परत जाणार. रविवारी मुंबई दाखवायची म्हणून सातला निघालो, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, गेटवे, मरीन ड्राइव्ह असा प्लॅन. निघताना तिनं पदराच्या गाठीतून पाचशेची नोट काढून मला देऊ केली, मी म्हटलं राहू दे, मी कमवतो ना. रविवार म्हणून मेगाब्लॉक, त्यात गर्दी. स्टेशनवर सरकत्या जिन्यावर पायच टाकेना, मागं लाईन लागली, लोक ओरडायला लागले, मी हात धरून ओढलं. दिवसभर चहा नको, नारळपाणी नको, काहीच नको. फक्त दोनदा बाबांना फोन लावून म्हशीला पाणी पाजलं का ते विचारलं. गेटवेपाशी समुद्र बघून म्हणाली, एवढं पाणी अन् एक घोट प्यायला येईना. मग एका चांगल्या कॅफेत नेलं तर २९० रुपयांची कॉफी बघून म्हणाली, 'बाईची दिसभराची हजेरी झाली की रं ही', शेजारचे बघायला लागले. बाहेर आल्यावर माझा तोल गेला. तुझ्यासाठी सुट्ट्या टाकल्या, एवढा खर्च करतोय आणि तू सगळीकडे माझी लाज काढतेस, असं बोललो. ती तिथंच खाली बसली आणि म्हणाली, 'मला गावाकडं सोड.' तेव्हापासून गप्प आहे, भाकरी करते, वाढते, बोलत नाही. मंगळवारी घारापुरीला न्यायचं ठरवलं होतं. नेऊ का? की तिकीट बदलून लवकर पाठवून देऊ?"

पाठवू नकोस रे, अजिबात पाठवू नकोस. आत्ता पाठवलंस तर गावात कुणी विचारलं कशी होती मुंबई, तर ती चांगली होती म्हणेल आणि परत कधी येणार नाही, आणि तू दर दिवाळीला ये ये म्हणत राहशील आणि ती म्हशीचं कारण सांगत राहील.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुला कॉफीचं लागलंय, पण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. सकाळी सातला निघालेली बाई चहा नको म्हणते, नारळपाणी नको म्हणते, मुंबईच्या दमट उकाड्यात देवळाच्या लाईनीत उभी राहते आणि दुपारी समुद्र बघून प्यायच्या पाण्याचं बोलते. अरे ती तहानलेली होती. म्हशीला पाणी पाजलं का म्हणून दोनदा फोन करणाऱ्या बाईला दिवसभरात कुणीच विचारलं नाही की तू प्यालीस का.

ती मुद्दाम पीत नव्हती. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागणार, बाथरूम कुठे आहे ते माहीत नाही, आणि ते विचारायचं कुणाला तर तरण्याताठ्या मुलाला. त्यापेक्षा प्यायचंच नाही. आपल्या आया-मावश्या लग्नाला, जत्रेला, एसटीच्या प्रवासाला असंच करत आल्यात.

मला हे कसं कळलं ते सांगते. २००४ साली माझी आई कराडकडच्या आमच्या गावाहून माझ्याकडे डोंबिवलीला आली होती, मे महिना होता, मी तिला दादर, चौपाटी असं दिवसभर फिरवलं. निघताना तिच्या पिशवीत पाण्याची बाटली भरून दिलेली. रात्री साडेनऊला घरी आलो, मी बाटली धुवायला घेतली तर ती गळ्यापर्यंत तशीच भरलेली, सकाळी भरली होती तशी. विचारलं तर म्हणाली तहानच नाही लागली बाई. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन दोन तांबे पाणी उभ्या उभ्या घटाघटा प्यायली, माझ्याकडे पाठ करून. मी मुलगी असून मला तिने सांगितलं नाही, तू तर मुलगा.

आणि हा नुसता लाजेचा प्रश्न नाहीये, बायकांसाठी शहरात सोयच कमी. मुंबईतल्या महिला संघटनांनी २०११ पासून 'राईट टू पी' म्हणून मोहीम चालवली ती ह्याचसाठी, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून तिथंच पैसे घ्यायचे, किंवा बायकांची बाजू कुलूप लावून बंद, असं सगळीकडे होतं. तुला हे कधी जाणवलंच नसणार, तुझा दोष नाही, पण आता जाणवून घे.

एक गोष्ट मात्र आजच विचार. आईला बीपीची गोळी चालू आहे का? बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, आणि बऱ्याच बायका बाहेर जायच्या दिवशी ती गोळीच टाळतात, कुणाला सांगत नाहीत. रविवारी घेतली होती का ते नीट, न चिडता विचार. टाळली असेल तर पुढच्या दोन्ही दिवशी घ्यायला लाव आणि फिरणं गोळीच्या हिशोबाने ठरव. उपाशीतापाशी, तहानलेलं, वर गोळी नाही, मग माणूस खाली बसेल नाहीतर काय करेल.

आता करायचं काय. तुला जायचंय का असं विचारू नकोस, ती नाही म्हणणार, शंभर टक्के. तू म्हण, मी जाऊन येतो, तू पण जाऊन ये, पुढं दोन तास सोय नाही. मग ती जाते. सुट्टे पैसे आधीच तिच्या हातात दे, पिशवी तू धर, बायकांची बाजू कोणती ते लांबून बोट दाखवून नाही तर जवळ नेऊन दाखव, आणि ती बाहेर येईल तेव्हा तू तिथंच दिसला पाहिजेस, फोनवर बोलत लांब गेलेला नकोस. पाटी न वाचता येणाऱ्या, नाहीतर घाईत वाचायची सवय नसलेल्या माणसाला परत आल्यावर आपलं माणूस जागेवर नसलं की छातीत धस्स होतं. मुंबईत मेट्रोची स्टेशनं, म्युझियम, मॉल ही त्यातल्या त्यात स्वच्छ ठिकाणं. कुठे जायचं हे ठरवण्याआधी वाटेत हे कुठे आहे ते बघून ठेव, दर्शनाची वेळ बघतोस ना तसंच.

सरकत्या जिन्याचा विषय सोडूनच दे. नऊवारी असो की सहावारी, निऱ्या अडकतील ही भीती खरी आहे. लिफ्ट शोध, नसेल तर साधा जिना, कठड्याच्या बाजूने, एकेक पायरी. लोक ओरडले तर ओरडू देत.

आता कॉफी. तू लाज काढली म्हणतोस, पण ती तुला नावं ठेवत नव्हती रे, ती हिशोब लावत होती. तुझ्याकडे महिन्याचा पगार हे माप आहे, तिच्याकडे हजेरी हे माप आहे. खुरपायला, सोयाबीन काढायला दिवसभर वाकलं की किती मिळतात ते तिच्या कमरेला माहितीये, त्यामुळे २९० आकडा दिसला की तिच्या डोळ्यासमोर कप येत नाही, अख्खा दिवस येतो. आणि त्या हजेरीतूनच तुझी फी भरली असेल, नाही का? मोठ्याने बोलली कारण शेतात मोठ्यानेच बोलतात. मला माहितीये बरेच जण अशा वेळी किंमत लपवतात, कंपनीचं कूपन आहे, फुकट आहे असं सांगतात. मला ते पटत नाही. पुढं कधी खरं कळलं की तिला वाटणार मुलगा आपल्याला अडाणी समजतो. त्यापेक्षा कॅफेत नेऊच नकोस, टपरीवरचा चहा तिला आवडेल आणि तो तिला परवडतोसुद्धा.

परवडतो हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण खरी चूक कॅफेत नाही झाली, ती सकाळीच झाली. पदराच्या गाठीतली पाचशेची नोट. ती नोट तिने गावाहून निघायच्या आधीपासून बाजूला काढून ठेवली असणार, मुलाकडे जायचंय, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. तू म्हणालास राहू दे, मी कमवतो. चांगल्या मनानेच म्हणालास, पण त्यानंतर दिवसभर ती तुझ्या पैशाने फिरणारी पाहुणी झाली, आणि पाहुण्याला प्रत्येक गोष्टीची किंमत बोचते. तिला खर्च करू दे. लोकलच्या तिकीट खिडकीवर पैसे तिला देऊ दे. बेस्टमध्ये कंडक्टरला दोन द्या असं तिला म्हणू दे. आणि तुझ्या वन आरकेत धड परात तरी आहे का? नसणारच, जेवायच्या ताटात पीठ मळून भाकरी थापत असेल ती. तिला घणसोलीच्या मार्केटमध्ये ने आणि म्हण आई, मला एक परात घेऊन दे. ती चार दुकानं फिरेल, वाजवून बघेल, भाव करेल, करू दे, घाई करू नकोस. त्या पाचशेत परात येईल आणि वर पैसे उरले तर ते तिच्याकडेच राहू देत.

पण त्याआधी माफी माग. आपल्याकडे आईला सॉरी म्हणायची सवय नसते, त्यामुळे एकतर म्हणत नाही नाहीतर मोठं भाषण देतो. ती भाकरी करत असेल तेव्हा शेजारी बस आणि तुमच्या घरच्या भाषेत एवढंच म्हण, आई, काल मी तुझ्यावर वरडलो आणि हात ओढला, चुकलं माझं. पण तू पण मोठ्याने बोललीस, हे पुढे जोडू नकोस. ती काही बोलली नाही तरी चालेल. पहिली भाकरी तुझ्या ताटात टाकेल, झालं.

घारापुरी रद्द कर. लेणी अप्रतिम आहेत, पण गेटवेवरून बोटीत तासभर, उतरल्यावर पुढं सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, मग तोच प्रवास परत, आणि ज्या जागी ती खाली बसली त्याच गेटवेवर तिला पुन्हा उभं करायचं? नको. त्याऐवजी मंगळवारी तिला राणीच्या बागेत ने, बुधवारी बाग बंद असते म्हणून मंगळवारच. मेट्रोने वगैरे नको, घणसोलीहून दहा-साडेदहा नंतरची ठाणे लोकल धर, ठाण्याहून सुटणारी सीएसएमटी स्लो मिळाली तर रिकाम्या गाडीत दोघांना बसायला मिळतं, भायखळ्याला उतर, तिथून बाग जवळ. लेडीज डब्यात तिला एकटीला चढवू नकोस, ती पहिल्यांदाच आलीये, कुठे उतरायचं ह्या टेन्शनमध्ये तिला खिडकीबाहेरचं काही दिसणार नाही. खिडकीत बसव आणि सांग की देशातली पहिली प्रवासी रेल्वे ह्याच वाटेने धावली, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. तिला ते गावात सांगायला आवडेल, लक्षात ठेव, तिला परत जाऊन सांगायचंय.

बागेत पेंग्विन आहेत, ते बघ, पण मला वाटतं ती झाडांपाशी जास्त रमेल. जुनी बाग आहे, गोरखचिंच, कैलासपती अशी मोठाली झाडं आहेत, शेतातल्या माणसाला झाडाखाली उभं केलं की त्याला आपोआप बोलावंसं वाटतं. तिला विचार हे कशाचं झाड, तू सांगत बसू नकोस. आणि शेजारी भाऊ दाजी लाड म्युझियम आहे, तिथे बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे, तो दाखव. तो घारापुरीचाच हत्ती. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रजांनी १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना त्याचे तुकडे झाले, मग तो इथेच राहिला आणि पुढे जोडून उभा केला. तासभर बोटीत न बसता घारापुरीचं दर्शन झालं म्हण. दुपारी चारपर्यंत घरी या. खरंच, चारपर्यंत. एका दिवसात एकच ठिकाण.

बुधवारी कुठेही जाऊ नका. म्हणजे संध्याकाळी ऐरोलीला तुझ्या कंपनीच्या गेटपर्यंत ने, कितव्या मजल्यावर बसतोस ते बोटाने दाखव, जेवण कुठे करतोस, चहा कुठे पितोस ते दाखव. बाबांना व्हिडिओ कॉल तिथून लाव आणि फोन तिच्या हातात दे, तीच दाखवेल त्यांना.

गुरुवारी थोडं लवकर निघून सीएसएमटीला सहा-साडेसहापर्यंत पोचा. समोर महापालिकेच्या बाजूला उभं राहून स्टेशनची इमारत दिवे लागल्यावर बघा, १८८७-८८ मध्ये बांधून पूर्ण झाली, २००४ पासून जागतिक वारशात आहे, आणि ती बघायला एक पायरी चढावी लागत नाही. तिथे उभं असताना तिला राजाबाई टॉवरची, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्याची गोष्ट सांग. जुन्या मुंबईतले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि टॉवरला आईचं नाव द्यायला लावलं. असं सांगतात की त्यांच्या आईला दिसत नव्हतं, जैन असल्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवायचं, आणि ती वेळ तिला घड्याळाच्या टोल्यावरून कळायची, कुणाला विचारावं लागायचं नाही. मला ही गोष्ट फार आवडते. टॉवर पुढच्या वेळी दाखवतो म्हण, मरीन ड्राइव्हसोबत.

मग प्लॅटफॉर्मवर. लोअर बर्थ आहे ना ते आत्ताच चेक कर, नसेल तर डब्यातल्या कुणाला तरी तू स्वतः विनंती कर, तिच्यावर सोडू नकोस. डब्यातलं बाथरूम कोणत्या टोकाला आहे ते तिला चालवत नेऊन दाखव, आणि लीटरची बाटली गळ्यापर्यंत भरून तिच्या उशाशी ठेव. गाडीत ती पाणी पिते.