व्हिटाच्या टेबलावर पहिल्यांदा बसताय?

व्हिटा म्हणजे अमेरिकेत स्वयंसेवक लोकांचे आयकर रिटर्न फुकट भरून देतात ती सोय. तिची परीक्षा पास झालात, छान. पण पहिल्या दिवशी घाईने कीबोर्डला हात लावू नका. आधी १३६१४-सी हा घरच्यांच्या आणि उत्पन्नाच्या माहितीचा फॉर्म समोरच्याला विचारत विचारत पूर्ण वाचा. माझ्यापुढे एकदा एक आजी बसल्या. नातू वर्षभर त्यांच्याचकडे, आणि फॉर्मवर अवलंबितांची जागा कोरी! "मूल कोणाकडे, किती महिने?" एवढ्यावर ईआयटीसीचा (कमी कमावणाऱ्यांना मिळणाऱ्या करसवलतीचा) आकडा कुठल्या कुठे जातो. सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा (वडिलांचं नाव मधे लावणारे आपण, आपल्याला हे सांगायला नको). जोडप्याचा एकत्र रिटर्न असेल तर सही दोघांची लागते. दुसऱ्या स्वयंसेवकाने तपासल्याशिवाय काहीही पाठवायचं नाही. आणि कोणी प्रेमाने दहा डॉलर पुढे केलेच, तर नुसते हात जोडा. घेणं नियमात बसत नाही.