निसर्गकवितेत वासना शोधायची फॅशन आहे का?

प्रश्न : ताई, मी एमए इंग्लिश करतेय. आम्हाला वर्ड्सवर्थची ‘नटिंग’ ही कविता आहे. सर म्हणाले की हे सरळसरळ बलात्काराचं वर्णन आहे, मला तर एक मुलगा हेझलनट काढायला जंगलात जातो एवढंच दिसलं. निसर्गकवितेत उगाच वासना शोधायची फॅशन आहे का ही? आणि शेवटी त्याला जे वाईट वाटतं ते फ्रान्समधल्या प्रेयसीला सोडून आल्याचं आहे असं एका गाईडमध्ये दिलंय, ते पेपरात लिहू का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : अगं, शोधायची गरजच नाहीये, वासना वरतीच ठेवलीय त्याने. जिथे कुणाचं पाऊल पडलेलं नाही, एक फांदी मोडलेली नाही अशी जागा त्या पोराला सापडते, तिला तो ‘कुमारी’ म्हणतो, आणि मग काय करतो तर काहीच करत नाही, थांबतो. कुणी वाटेकरी नाही या खात्रीने त्या मेजवानीकडे नुसता बघत बसतो, फुलांशी खेळतो, शेवाळलेल्या दगडाला गाल लावून पाण्याचा आवाज ऐकतो. भूक लागलेला पोरगा असा वेळ काढेल का? आणि गंमत बघ, 1800 साली ‘लिरिकल बॅलड्स’ या कवितासंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत ही कविता छापली तेव्हा त्या झाडांवरचे घोस दुधासारखे पांढरे होते, पुढच्या आवृत्त्यांत त्याने स्वतःच ते बदलून मोहात पाडणारे केले. म्हणजे म्हातारपणीही तो हे झाकत नव्हता, उलट ठळक करत होता.

मग अचानक उठतो आणि फांद्या खाली ओढून सगळं मोडून टाकतो. इथे एक गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत. घरून निघताना त्याच्या हातात आकडीची काठी आहे, खांद्यावर मोठी झोळी आहे. आकडी कशाला असते, फांदी वाकवायला, मोडायला नाही. आणि मोडतोडीच्या ओळींमध्ये नट तोडल्याचा, झोळीत भरल्याचा उल्लेखच नाहीये! ज्यासाठी आला ते कवितेतून गायब, उरतो फक्त मोडण्याचा आनंद. मला विचारशील तर वासना त्या कुमारी वगैरे विशेषणापेक्षा इथे जास्त आहे.

त्यामुळे सरांचं अर्धं बरोबर आहे. अर्धं अशासाठी, की झाडं म्हणजे ‘खरं तर’ बाई असं एकदा म्हटलं की झाडं उरतच नाहीत, आणि मार तर झाडांनीच खाल्लाय. मळलेली, विद्रूप झालेली ती झाडं निमूटपणे आपलं असणं सोडून देतात असं तो लिहितो, ते झाड म्हणूनच वाच ना आधी.

आता वाईट वाटण्याचं. तो राजांपेक्षा श्रीमंत झाल्यासारखा खुशीत तिथून निघतो, आणि वळताना गप्प उभी झाडं आणि फांद्या मोडल्यामुळे आत घुसलेलं आकाश बघून त्याला कळ येते. पण त्याच्या आधी एक छोटंसं वाक्य टाकलंय, की आजच्या भावना मी तेव्हाच्या भावनांत मिसळत नसेन तर. हे वाक्य सोडू नकोस. लिहिताना वर्ड्सवर्थ 28 वर्षांचा आहे, जर्मनीत गोस्लार गावात, 1798-99 चा कडाक्याचा हिवाळा, बरोबर बहीण डोरोथी, आणि ही कळ पोराची की आपली हे त्याचं त्यालाच नक्की नाही. आनंदाबद्दल मात्र अशी शंका तो घेत नाही! मला तरी हा भाग शेवटच्या उपदेशापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो, तो ‘प्रिय मुली, हळुवार हाताने स्पर्श कर, या रानात आत्मा आहे’वाला. स्वतः मोडून झालं आणि जपून वागायचं तिने, हेही जरा बघच.

गाईडचं काय करायचं? ती फ्रान्समधली प्रेयसी, आनेट वालोन, खरी, त्यांची मुलगी कॅरोलिन डिसेंबर 1792 मध्ये जन्मली तेही खरं, पण तिथून या कवितेपर्यंत रस्ता कवितेत कुठेच नाही, सिद्ध करता येणार नाही. त्यापेक्षा त्याच हिवाळ्यात लिहिलेला, पुढे ‘प्रील्यूड’ या त्याच्या आत्मचरित्रपर दीर्घकवितेत आलेला होडीचा प्रसंग शेजारी ठेव. पोरगा रात्री दुसऱ्याची होडी गुपचूप नेतो, आनंद होतोय आणि धाकधूकही. वल्ही मारताना तोंड मागे असतं, त्यामुळे जसजसा लांब जातो तसतसा जवळच्या कड्यामागून दडलेला डोंगर वर येत जातो आणि आपल्या मागे लागलाय असं त्याला वाटतं. तिथे निदान डोंगर तरी पाठलाग करतो, हेझलच्या रानात कुणीच काही करत नाही. पेपरात ही तुलना लिही, आनेटला एक ओळ पुरे, तीही ‘काही समीक्षकांच्या मते’ म्हणून.