कोहिरन्स, पण कशाचा?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पीएचडीला क्वांटम जीवशास्त्र घ्यायचं ठरवलंस, फार आनंद झाला. अर्जाचा मसुदाही वाचला. 'प्रकाशसंश्लेषणात ऊर्जा एकाच वेळी सगळ्या वाटा तपासून सर्वांत जवळची निवडते' हे तुझं पहिलं वाक्य काढून टाक. 2007 साली ते चाललं असतं, आज परीक्षक तिथेच थांबेल.

त्या वर्षी बर्कलीच्या ग्रॅहम फ्लेमिंग यांच्या गटाने हरित गंधक जीवाणूंच्या एफएमओ या, प्रकाशाची ऊर्जा पुढे पोहोचवणाऱ्या प्रथिनावर लेसरचे अतिसूक्ष्म स्पंद सोडले. द्विमितीय वर्णपटातल्या ठिपक्यांची तीव्रता 660 फेमटोसेकंदांपर्यंत वरखाली होत राहिली (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). नमुना होता 77 केल्विनला, म्हणजे उणे 196 अंश सेल्सिअसला. 2010 मध्ये असेच हेलकावे 277 केल्विनलाही, म्हणजे सुमारे 4 अंश सेल्सिअसलाही दिसले, आणि सगळ्यांनाच वाटलं, जिवंत पेशीत कोहिरन्स, म्हणजे क्वांटम अवस्थांच्या लहरींचा आपसातला मेळ, सापडला.

आता खरी गोची बघ. हेलकावा दिसतो, पण तो कशाचा हे वर्णपट सांगत नाही. दोन इलेक्ट्रॉनिक अवस्थांच्या कोहिरन्समुळे तो येतो, तसाच रंगद्रव्याच्या रेणूच्या साध्या कंपनामुळेही येतो. एफएमओमध्ये तर ऊर्जापातळ्यांतलं अंतर आणि काही कंपनांची ऊर्जा जवळजवळ सारखी आहे, त्यामुळे दोन्ही खुणा एकमेकींवर पडतात. 2017 मध्ये ड्वेन मिलर, मिखाएल थॉर्वार्ट आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या तापमानाला मोजमाप केलं. इलेक्ट्रॉनिक कोहिरन्स साधारण 60 फेमटोसेकंदांतच विरतो, असं त्यांना आढळलं. ऊर्जेला प्रथिनातून पार व्हायला मात्र पिकोसेकंद लागतात, म्हणजे हजारो फेमटोसेकंद. मग त्या कोहिरन्सचा वाहतुकीला उपयोग काय? 2007 आणि 2017 चे हे दोन्ही शोधनिबंध शेजारी ठेवून वाच, आकृत्यांसकट.

पण एवढ्यावरून विषय सोडू नकोस. जांभळ्या जीवाणूंच्या एलएच2 या प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनात 18 बॅक्टेरिओक्लोरोफिलांचं (हरितद्रव्यासारख्या रेणूंचं) एक कडं असतं. त्यात उत्तेजन एका रेणूवर न राहता अनेकांवर पसरतं, आणि हा निखळ क्वांटम परिणाम आहे. त्यासाठी दीर्घकाळ टिकणारा कोहिरन्स लागत नाही.

मला विचारशील तर तू पक्ष्यांकडे वळ. युरोपियन रॉबिनला दिशा कशी कळते, यासाठी क्लाउस शुल्टेन यांनी 1978 मध्ये मूलकांच्या, म्हणजे एकेकटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंच्या, जोडीची कल्पना मांडली. इथे प्रश्न इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा, म्हणजे ज्यामुळे तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो त्या गुणाचा, आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इतकं क्षीण, की स्पिनला त्यात एक फेरा घ्यायला जवळपास पाऊण मायक्रोसेकंद लागतो. तेवढा वेळ तरी कोहिरन्स टिकायला हवा, नाहीतर दिशेची खूण उमटणारच नाही. 2021 मध्ये रॉबिनच्या डोळ्यातलं क्रिप्टोक्रोम 4 हे प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन शुद्ध करून तपासलं, तेव्हा त्याच्या प्रकाशरासायनिक क्रियेवर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम दिसला. पण ते क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा कितीतरी तीव्र होतं, आणि प्रयोग परीक्षानळीतला. जिवंत डोळ्यात, पृथ्वीच्याच क्षेत्रात हे घडतं का, याचं उत्तर अजून कुणाकडेही नाही. तीन-चार वर्षं द्यावीत असा हा प्रश्न आहे.

गाइड निवडताना त्यांच्याकडे प्रथिन तयार करणारं कुणी आहे का, ते विचार. नुसत्या समीकरणांवर हा विषय पेलत नाही.

मसुदा पुन्हा लिही. जिथे जिथे 'कोहिरन्स' येईल तिथे तो कशाचा, किती वेळ आणि कुठल्या तापमानाला, हे त्याच वाक्यात सांग. पुढच्या रविवारपर्यंत पाठवलास तर लगेच वाचतो.

तुझा,
सर